पाहणे आणि रेखाटणे : काशीच्या वाळवंटातील एक विचार

आपल्या भाषेत 'वाळवंट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. राजस्थानातील थरच्या ओसाड प्रदेशालाही आपण वाळवंट म्हणतो आणि पंढरपूरच्या चंद्रभागेकाठी वारकरी जेथे कीर्तनास उभे राहतात त्या रेतीच्या पटांगणालाही वाळवंटच म्हणतो. विज्ञानविषयक पुस्तकांच्या भाषांतरकारास हा दुहेरी अर्थ पुष्कळदा अडचणीचा वाटतो, आणि मलाही तो बरीच वर्षे तसा वाटत आला. परंतु एका हिवाळ्यात काशीस राहण्याचा योग आला आणि गंगेच्या पैलतीरावरील वाळवंटात बसून काही झाडे व पक्षी कागदावर उतरवण्याचा प्रसंग आला, तेव्हा या शब्दाने मला एक वाट दाखवली असे वाटू लागले. त्या अनुभवाच्या आधाराने शाळांस व ग्रंथालयांस एक विनंती करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक प्रयोग सुचवतो. कोणत्याही शाळेतील मुलांस कागद देऊन 'वाळवंटाचे चित्र काढा' असे सांगावे. बहुतेक कागदांवर दोन गोष्टी हमखास येतील : वर हात केलेल्या माणसासारखा दिसणारा, फांद्या फुटलेला उंच निवडुंग आणि उंट. तो निवडुंग अमेरिकेतील ॲरिझोना व मेक्सिकोच्या वाळवंटातील आहे. आपल्या थरमध्ये तो आपोआप उगवत नाही, कारण निवडुंगाचे कुळ मुळात अमेरिका खंडातील आहे आणि आपल्याकडे बांधाबांधांवर दिसणारा फड्या निवडुंगही परदेशातून आलेला आहे. उंटाला तर काही मुले दोन वशिंडे काढतात, पण राजस्थानचा उंट एकाच वशिंडाचा असतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी वाळवंट पाहिलेले नाही. वाळवंटाची चित्रे पाहिली आहेत, आणि चित्रावरून चित्र काढले आहे.

हाच दोष मोठ्या माणसांच्या हातूनही घडतो, आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. १५१५ साली गुजरातेतून पोर्तुगालला एक गेंडा पाठवण्यात आला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो कधीही पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेले वर्णन व एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशासाठी गेंड्याचे चित्र तयार केले. ते विलक्षण देखणे उतरले, परंतु त्यातील गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जादा लहान शिंग आहे. युरोपातील ग्रंथांतून हे चित्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ उतरवले जात राहिले आणि ते नसलेले शिंगही त्याबरोबर एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेले.

याउलट उदाहरण पुण्याचे आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. गंगाराम चिंतामण तांबट या कारागिराने १७९० साली तो समोर पाहून काढला. गंगाराम हा पुढे पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करणारा कलावंत म्हणून ओळखला गेला. कीर्तीने ड्यूररपुढे तो कोणीच नव्हे. परंतु गेंडा कसा असतो हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने पुण्याच्या तांबटाकडे जावे हेच बरे, कारण त्याच्या आणि गेंड्याच्या मध्ये दुसऱ्या कोणाचा कागद आलेला नव्हता.

आता काशीकडे वळू. गंगा येथे उत्तरेकडे वाहते आणि चंद्रकोरीसारखे वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगास पाण्याचा जोर अधिक असतो, म्हणून पश्चिमेचा किनारा उंच, खडा राहिला आणि त्यावर घाट बांधले गेले. आतल्या अंगास पाणी मंदावते व वाहून आणलेली रेती टाकून देते. त्यामुळे पूर्वेस रेतीचे विस्तीर्ण पटांगण तयार होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात पुन्हा वर येते. काशीस वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून भूगोलाच्या व्याख्येने हे वाळवंट नव्हे. तथापि रेतीत पाणी ठरत नाही, वरचा थर लवकर सुकतो आणि उन्हात तापतो. म्हणून तेथे व तिच्या काठावर तग धरणाऱ्या वनस्पतींच्या अंगी रुक्ष प्रदेशातील झाडांचे अनेक गुण आढळतात. शाळेच्या सहलीस थर दूर पडेल. परंतु नदीकाठचे असे लहानसे वाळवंट पुष्कळ गावांस लाभलेले आहे.

या पैलतीराकडे कलावंतांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात येथील टांकसाळीत होता. त्याने शहराचा नकाशा केला, घाट व देवळे रेखाटली आणि ती चित्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १८२० ते १८२२ या वर्षांत, तंजावरचे सरफोजी राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस आले होते. मराठी राजवंशातील हा राजा विद्याव्यासंगी होता. त्याच्या पदरच्या चित्रकारांनी झाडे, पक्षी व प्राणी यांची अभ्यासपूर्ण चित्रे काढली आणि नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही करून ठेवली. काशीच्या घाटांची चित्रेही तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. प्रिन्सेपच्या काळापासून आजपर्यंत घाट काढणारा कलावंत नदीकडे किंवा पैलतीराकडे जाऊन मागे वळून पाहतो. रेती ही बसण्याची जागा होते. चित्रात ती क्वचितच येते.

मी दुर्गाघाटाजवळ आप्तांकडे उतरले होते. त्या भागात मराठी घरे पिढ्यानपिढ्या आहेत. घरातील भाचा नववीत शिकणारा. त्याला भेट म्हणून मी स्वतः भाषांतरित केलेली, रुक्ष प्रदेशातील वनस्पतींवरची एक पुस्तिका आणली होती. जानेवारीतील एका सकाळी आम्ही दोघे नावेतून पैलतीरास गेलो. रेतीच्या कडेला रुईचे एक झुडूप फुललेले होते. पुस्तिका मांडीवर ठेवून तो चित्र काढू लागला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आत्या, तुम्ही लिहिलंय की पानाचा देठ मोडला की चीक येतो. पण याला देठ कुठे आहे?"

मी वाकून पाहिले. देठ नव्हता, किंवा असलाच तर नावापुरता. रुईची पाने समोरासमोर जोडीने येतात. एक जोडी ज्या दिशेस, तिच्या वरची जोडी तिला काटकोनात. आणि प्रत्येक पानाचा तळ हृदयाकार होऊन खोडाला बिलगलेला असतो. मूळ इंग्रजी मजकुरात 'पानाचा तळ' असेच होते. मराठीत पान म्हटले की मोडायचा तो देठ, या कानाच्या सवयीने मी तेथे 'देठ' घातला होता. शनिवारी मारुतीला वाहिलेल्या रुईच्या माळा मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. किंबहुना त्या ओवल्याही आहेत. तरीही रुईचे पान मी पाहिले नव्हते, हे त्या दिवशी कळले. त्या पुस्तिकेच्या प्रती आज ग्रंथालयांत आहेत. पुढच्या आवृत्तीत शब्द दुरुस्त होईल, परंतु जे वाचून गेले त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती कशी पोहोचणार? ड्यूररच्या गेंड्याचे शिंग ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने माझा देठही गेला. त्याला पायबंद घातला तो माझ्या एम. ए. च्या पदवीने नव्हे, तर पेन्सिल घेऊन पानाचा कोठे शेवट होतो हे शोधणाऱ्या एका मुलाने.

चित्र काढण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. पाहताना डोळा बऱ्याच गोष्टी गृहीत धरून पुढे जातो. हाताला तसे करता येत नाही. रेषा कोठेतरी टेकवावीच लागते, आणि ती कोठे टेकवावी हे ठाऊक नसेल तर मान वर करून पुन्हा पाहावे लागते. रुईचे फूल काढू लागलो तेव्हा हा अनुभव पुन्हा आला. पाकळ्या पाच हे ठाऊक होते. परंतु त्या ताठ उभ्या असून टोकांना जांभळ्या आहेत की पसरून मागे वळलेल्या आहेत, हे ठरवावे लागले. पहिली खूण ज्या जातीची, तिला वनस्पतिशास्त्रज्ञ कॅलोट्रोपिस प्रोसेरा म्हणतात आणि दुसरी कॅलोट्रोपिस जायजँशिया. काशीचे लोक सरसकट 'मदार' म्हणतात आणि आपण 'मंदार' हे नाव बहुधा पांढऱ्या फुलांच्या रुईसाठी राखून ठेवतो. शब्दांवर विसंबणाऱ्याचा येथे गोंधळ होईल. पाकळ्यांची दिशा काढणाऱ्याचा होणार नाही.

पाकळ्यांच्या मध्यभागी मुकुटासारखी पंचकोनी रचना असते. तिच्या कोपऱ्यांतील बारीक खाचांत परागकण सुटे नसून पिवळसर पुड्यांच्या रूपाने जोडीजोडीने बांधलेले असतात. काळा भुंगा फुलावर मधासाठी उतरला आणि त्याचा पाय खाचेत अडकला, म्हणजे ती जोडी पायाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जाते. मुलाने ती खाच प्रथम काळा ठिपका म्हणून काढली होती. 'हा ठिपका कशाचा?' एवढा प्रश्न विचारल्यावर त्याला तासभर भुंग्यांची वाट पाहावीशी वाटली. पानाखाली एक अळीही सापडली. पांढरे, काळे व पिवळे पट्टे असलेली. त्याने सवयीने तिच्या डोक्यावर दोन शिंगे काढली. मोजल्यावर तिच्या पाठीवर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या निघाल्या : एक पुढे, एक जरा मागे आणि एक शेपटीकडे. रुईच्या चिकावर पोसणाऱ्या एका केशरी फुलपाखराची ती अळी. चिकातील विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात आणि पक्षी तिला टाळतात. येथे शिक्षकांस सावधगिरीची सूचना दिली पाहिजे : हा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक आहे, झाड पाहावे, काढावे, मोडू नये.

पक्ष्यांच्या बाबतीतही तोच धडा मिळाला. हिवाळ्यात काशीच्या पात्रावर पांढऱ्या कुरवांचे थवे येतात आणि यात्रेकरू त्यांना शेव फेकतात. सारेजण त्यांना 'सायबेरियाचे पक्षी' म्हणतात. त्यांत निदान दोन जाती आहेत : काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. गंमत अशी, की हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात. डोळ्यामागे तेवढा एक गडद डाग उरतो. नावावरून शोधू जाणारा येथे हमखास फसेल. पंख काढणाऱ्याला मात्र फरक सापडतो : तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक रुंद व काळे असून त्यात पांढरे ठिपके असतात, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. आणि तपकिरी डोक्याचा कुरव सायबेरियातून येतच नाही, तो मध्य आशियाच्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण करतो. एवढे सारे ज्ञान एका पंखाच्या टोकापासून सुरू होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आज हातातल्या फोनने क्षणात स्वच्छ छायाचित्र मिळते, आणि ते दाखवताच झाडाचे नाव सांगणारी साधनेही उपलब्ध आहेत. मग वेड्यावाकड्या रेघा ओढण्यात मुलांचा वेळ का दवडावा? छायाचित्राचे महत्त्व मी कमी लेखत नाही. उडता पक्षी टिपण्यास, थव्यातील संख्या मोजण्यास त्यासारखे साधन नाही. परंतु छायाचित्र न पाहताही घेता येते. चित्र न पाहता काढता येत नाही. शिवाय छायाचित्रात त्या क्षणी समोर असलेले एकच झुडूप येते. अभ्यासाच्या चित्रात कळी, फूल, फळ, बी आणि फुलाचा उभा छेद हे सारे एका पानावर शेजारी मांडता येतात. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात नव्या जातीचे वर्णन करताना आजही रेखाचित्रे काढली जातात. मज्जापेशींच्या संशोधनासाठी १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळवणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल याने सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. तेव्हा फोन वर्ज्य करू नये. क्रम मात्र सांभाळावा. आधी कागद, मग फोन, आणि शेवटी पुस्तकातले नाव.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. वर्गात साठ मुले, तासाला पस्तीस मिनिटे आणि चित्रकलेचा शिक्षक नाही. याचे उत्तर असे, की येथे चित्रकला शिकवायचीच नाही. पानांच्या जोड्या बरोबर मोजलेले कुरूप चित्र हे पाने चुकवलेल्या सुंदर चित्रापेक्षा विज्ञानाच्या दृष्टीने श्रेष्ठ मानावे, एवढे ठरले की पुरे. शाळेच्या कुंपणाशी त्रिधारी निवडुंग असेल आणि बांधावर फड्या निवडुंग. दोन्हींना आपण 'निवडुंग' म्हणतो. मुलांनी दोन्ही शेजारी शेजारी काढावेत. फड्याचे काटे झुबक्याने एका लहान गादीतून निघतात. त्रिधारीचे कडेवर जोडीजोडीने येतात. एकाला पांढरा चीक आहे, दुसऱ्याला नाही. दोन दूरच्या कुळांनी कोरड्या हवेला सारखेच उत्तर कसे दिले, हा उत्क्रांतीचा धडा पस्तीस मिनिटांत, खर्चावाचून शिकून होतो.

खरी अडचण आमच्या परीक्षापद्धतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' असा प्रश्न आपण सर्वांनी सोडवलेला आहे. त्याचे गुण आकृती पुस्तकातील आकृतीशी किती जुळते यावर मिळतात. किड्याने खाल्लेले पान जसेच्या तसे काढणाऱ्या मुलाचे गुण जातील आणि कधीही न पाहिलेले पान पाठ करून काढणाऱ्यास पूर्ण गुण मिळतील. अशाने आपण उत्तम नकलकार तयार करू; आणि नकल करणाराच पुढे, माझ्यासारखा, नसलेला देठ छापून मोकळा होतो. म्हणून विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात निदान एक आकृती तरी समोरच्या सजीवावरून काढलेली असावी. तिच्याखाली स्थळ, दिनांक, वेळ, एखादे मोजमाप, त्या गावी चालणारे नाव आणि पाहणाऱ्याला पडलेला एक प्रश्न लिहिलेला असावा. आणि गुण या नोंदीला मिळावेत.

ग्रंथालयांस माझी विनंती निराळी आहे. त्यांनी एक कोरी, जाड कागदाची वही सर्वांसाठी उघडी ठेवावी व गावातील झाडे, किडे, पक्षी यांची दिनांकासह रेखाटने तीत जमू द्यावीत. आज ती किरकोळ वाटतील, पण दहा-वीस वर्षांनी तो पुरावा ठरेल. जहांगीर बादशहाच्या पदरच्या उस्ताद मन्सूर याने सतराव्या शतकात सायबेरियन क्रौंच इतक्या बारकाईने काढला, की पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी १७७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीच तो आपल्याकडे कागदावर नोंदला गेला होता. ते चित्र कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. भरतपूरला हिवाळ्यात येणारा तो पक्षी मात्र २००२ नंतर तेथे परत आलेला नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो माळढोकही आता देशभरात फार थोडा उरला आहे.

काशीच्या पैलतीराचेही तसेच आहे. रामनगर ते राजघाट या पट्ट्यात १९८९ साली कासवांसाठी अभयारण्य जाहीर झाले होते; २०२० साली तो दर्जा काढून घेण्यात आला, आणि २०२३ साली त्या रेतीवर प्रवाशांसाठी तंबूंची वसाहत उभी राहिली. हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय ज्यांना करायचा आहे त्यांनी तेथे पूर्वी काय होते हे प्रथम विचारले पाहिजे. टिटवी कोठे अंडी घालीत होती, झाऊची झुडपे कोठवर होती, रेतीवर कासवांच्या पायांचे ठसे कोणत्या महिन्यात दिसत, या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी बसून, पाहून, लिहून ठेवलेली असली तरच मिळतात. मंदिरांच्या शिखरांची शेकडो चित्रे आपल्यापाशी आहेत, रेतीची नाहीत.

त्या सकाळी परत येताना भाच्याने वहीच्या पानाखाली लिहिले : 'रुई. गंगेचा पैलतीर. सकाळी ९. देठ नाही. प्रश्न : दोन जुळी फळे यायला हवीत असे पुस्तक म्हणते, मग बहुतेक ठिकाणी एकच का?' त्याचे उत्तर मला येत नव्हते आणि मी ते पुस्तकातून शोधून दिलेही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नाव केली.